मिरची ओली नव्हती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, गावदेवीपुढेही नाही — तिला ठाऊकच असणार, म्हणून तिथे मी नुसती ओटी भरते आणि मागे वळून न बघता घरी येते. तुम्हाला सांगते. तुम्ही ना माझ्या गावचे, ना माझं गिऱ्हाईक.

पण आधी एक ऐकून घ्या — मी ऐरीगैरी बाई नाही. तळवलीत कुणालाही विचारा. आगरी मसाला इंटरनेटवर विकायला काढणारी आमच्या गावातली पहिली बाई मी. सासरे हसले होते, फोटो बघून कुणी मसाला घेतो का, मसाला हुंगून घ्यायचा असतो. आज माझा मसाला नागपूरला जातो, बंगळूरला जातो, आणि पुड्यावर नथ घातलेला माझा फोटो असतो. मला त्याचा अभिमान आहे. तो झाकून, मान खाली घालून मी हे सांगणार नाही. जे केलं ते त्या मिजाशीपायीच केलं — मग ती लपवून कसं चालेल?

हिरावयनी माझी मोठी जाऊ. माझं दुकान चालायला लागलं तशी एकदा म्हणाली, "मना पन काडून दे गो तसा." दिलं काढून. ऑनलाइन बाजारात तिचं खातं मी उघडलं, फोटो मी काढले, पार्सल कसं बांधायचं ते मी शिकवलं. आणि गावभर सांगितलं की जावेला मी उभी केली. मोठेपणा मिरवायला मला आवडतं, काय करू?

मग तिचे स्टार माझ्यापुढे गेले. कोण कुठल्या शहरातली बाई तिला लिहायची — आईच्या हातानंतर पहिल्यांदा अशी चव मिळाली. मला लोक काय लिहायचे? पॅकिंग छान. डिलिव्हरी वेळेवर. पॅकिंग! जळले का मी? जळले. चांगलीच जळले.

आमच्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, भाजायच्या आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत न्यायच्या. त्या वर्षी ऐन वाळवणाच्या दिवसांत आभाळ भरून आलं होतं. डंकाच्या रांगेत वयनी माझ्या कानाशी लागली, "मिरची वाईच वली रायली का गो?" मी तिच्या टोपलीतली एक मिरची घेतली आणि मोडली. कट्कन मोडली. कडकडीत वाळलेली होती. म्हटलं, "नाय वयनी, मस्त हाय." तिच्या मनातली ती शंका तिला आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हती — हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

विकत घेतल्याशिवाय तिथे रिव्ह्यू लिहिता येत नाही. मग मी काय केलं? सानपाड्याला माझ्या भावाचा फ्लॅट आहे. त्या पत्त्यावर, एका बनावट नावानं, वयनीचा पुडा मागवला. घरी आणला. त्याची कोळंबी केली. बोटं चाटून खाल्ली — अहो, खरंच चाटून खाल्ली. हात धुतले, फोन घेतला, एक स्टार दिला. लिहिलं की मिरची ओली असतानाच कुटलेली दिसते, मसाल्याला जाळं धरलंय, किडे निघाले, पोराबाळांना देऊ नका.

वाटलं होतं, ती चिडेल, दोन दिवस शिव्या घालेल, तिचे स्टार थोडे उतरतील. शप्पथ, एवढंच हवं होतं — असं म्हणणार होते. पण शप्पथ नको. मला ती माझ्या खाली यायला हवी होती.

ती चिडली नाही. फोन घेऊन माझ्याचकडे आली. मला ते पुन्हा वाचायला लावलं. माझंच लिहिलेलं, मोठ्यानं. ऐकून खाली बसली आणि म्हणाली, "वलीच व्हती. मना वाटतच व्हता." घरातल्या सगळ्या बरण्या तिनं परातीत ओतून पाहिल्या. किडा एकही निघाला नाही. तिला वाटलं, आपली नजर कमी झाली. वर्षाचा सगळा मसाला तिनं खाडीत नेऊन ओतला. "तूच बंद कर गो ता दुकान," म्हणाली. मी बंद केलं. ज्या बोटानं तो स्टार दिला, त्याच बोटानं.

तेव्हा बोलता आलं असतं की नाही? एका वाक्याचं तर काम होतं. नाही बोलले. उलट तिला माझ्याकडे कामाला बोलावलं, आणि गाव म्हणालं, जाऊ असावी तर अशी! तेव्हापासून माझ्या पुड्यातला मसाला ती भाजते. आता लोक मलाही आईच्या हाताबद्दल लिहितात. ते वाचून माझी छाती फुगते. अजूनही फुगते — हेही कबूलच करायचं तर करते.

पण याहून वाईट मी पुढे वागले. खोट्या रिव्ह्यूंवर सरकार नियम आणणार, म्हणून वाशीला एका हॉलमध्ये व्यापाऱ्यांची, ग्राहकांची मतं ऐकायची बैठक होती. यशस्वी महिला उद्योजक म्हणून मी स्टेजवर. वयनी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, माझ्याकडे कौतुकानं बघत. प्रश्न निघाला — रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं खरं नाव दुकानदाराला दिसावं का? व्यापारी ओरडले, दिसलंच पाहिजे. मी माईक घेतला आणि काय बोलले म्हणता! नाव उघडं पडलं तर गरीब गिऱ्हाईक तक्रार करायला घाबरेल, मोठा विक्रेता त्याला धमकावेल, म्हणून नाव झाकलेलंच राहू द्या. हॉल गाजवला मी. आजही मला ते म्हणणं पटतं. पण मी ते त्या गरीब गिऱ्हाइकासाठी बोलले का? मी माझ्यासाठी बोलले.

आणि मग वयनी उठली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई — माझ्या बाजूनं बोलायला उठली. माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "माजा पन दुकान व्हता. एका बाईनं लिवला, मसाल्यान किडं हायीत. नाव लपवून लिवला, म्हनून खरा लिवला. नाव सांगावा लागला असता तर ती गप रायली असती, आन माज्या हातानं कुनाचा तरी पोर आजारी परला असता. ती बाय जिथं हाय तिथं सुखी राव दे."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या अधिकारीबाईंनी डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवल्या — वाजवत राहिले, सगळ्यांच्या थांबल्या तरी. परत येताना वयनीनं विचारलं, बरं बोलले ना मी? म्हटलं, छान बोललीस.

मला आता माफी नको, शिक्षा नको, तुमचा सल्लाही नको. घडलं ते सांगितलं.

यंदाच्या मिरच्या गच्चीवर वाळल्या. डंकावर न्यायच्या आधी ती दरवर्षी एक मिरची माझ्यापुढे धरते. "तूच बघ गो. माज्या हाताचा मना भरवसा नाय." मी मोडते. कट्कन मोडते. वाळलीय, मी सांगते, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसतो.