वाढलेलं पेव

माझं माहेर खामगावचं. वडील एका जिनिंगमध्ये कारकून होते आणि आमच्या घरात धान्य आठवड्याच्या बाजारातून यायचं. डबा रिकामा झाला की आई तो पालथा करून ठणकन वाजवायची आणि म्हणायची, "संपलं, आणा." लग्न होऊन मी जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात आले, तेव्हा असलीच अक्कल सोबत घेऊन आले होते.

सासरचं घर पाहून मला आधी हसूच आलं. मीठ म्हणजे रांजणभर. तुरीला राख चोळून ठेवलेली. वाळवलेली वांगी, वाळवलेली गवार, अंबाडीचा वाळला पाला, सांडग्यांची गाडगी. दिव्याला एरंडीचं तेल घरचंच, वाती घरच्या कापसाच्या. काड्यापेट्या होत्या, तरी चकमकीचा दगड वेगळ्या फडक्यात जपलेला. जर्मनची लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती, रॉकेल महाग होत चाललं होतं, पण सासूबाईंची ही तयारी लढाईच्या कितीतरी आधीची होती. मी नवऱ्याला म्हटलं, "आपल्या घरावर फौज चालून येणार हाय का?" तो म्हणाला, "आईले विचार." विचारायची माझी छाती नव्हती.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घर आणि शेत सासूबाईच पाहत. बुटक्या, काटक, बोलणं मोजकं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मी बोलायला लागले की त्या सुपातलं धान्य पाखडत ऐकत आणि शेवटी एवढंच म्हणत, "तोंडाले थोडी उसंत दे, बाई."

धान्याची खरी ठेव मात्र डोळ्यांना दिसायचीच नाही. ती जमिनीत होती. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत दोन पेवं खणलेली होती, एक गोठ्यामागं, एक ओसरीत. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद, आत रुंद होत गेलेला, दोन पुरुष खोल खड्डा. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी ओतायची, वरून भुसा, दगड आणि माती लिंपून तोंड बंद. वरून माणसं जातात, ढोरं जातात, कोणाला काही कळत नाही. ओसरीतल्या पेवावर तर मी रोज बसून भाजी निवडत होते.

त्या वर्षी ज्वारी ऐन कणसात आली आणि पाऊस लागला तो आठ दिवस थांबलाच नाही. कणसं काळी पडली, दाणा उभ्या ताटावर कुजला. बाजारात लढाईमुळं बाहेरचं धान्य येत नव्हतं. वाचला तेवढा कापूस घेऊन नवरा गाड्यांसोबत खामगावला गेला. तेवढ्यात संग्रामपूरकडून निरोप आला, नणंदेचे दिवस भरले होते. आत्याबाई निघाल्या. गाडीत चढता चढता मला सूचना देत होत्या. "मिठाचं झाकन उघडं ठेवू नको. म्हशीले सरकी देत जा. गोठ्यामागचं पेव वाढलं. ओसरीतल्याले हात लावू नको."

मी "हाव" म्हटलं. गोठ्यामागचं पेव वाढलं! म्हणजे तिथं उदंड आहे. एवढ्या वाईट साली सासूबाईंनी ते किती सहज सांगितलं याचं मला फार कौतुक वाटलं, आणि थोडा गर्वही चढला.

शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. पिंजारीण चाचीनं माझ्या गादीचा कापूस पिंजून दिला होता, त्यामुळं आमची गट्टी. चौथ्या दिवशी ती दाराशी येऊन नुसती उभी राहिली. मी विचारलं, "काऊन चाची, बोलून नाई राह्यली?"

"बेटा, घरात दोन दिसाची जवारी हाय. पुढच्या सालचं पीक हाती येईलोक काय करू?"

आणि माझी जीभ सुटली. "घाबरू नोको. आमचं गोठ्यामागचं पेव भरून हाय. त्याच्यातून देऊ. पीक येईलोक देऊ."

तिनं दोन्ही हात माझ्या डोक्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. संध्याकाळपर्यंत चाचीचं धरून आळीतली सात घरं येऊन गेली. मी एकालाही नाही म्हटलं नाही. कोणालाही नाही म्हणावं लागत नाही, यात केवढं सुख आहे ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीच्या नवऱ्यानं, म्हणजे चाचांनी, आणि आणखी दोघा-तिघांनी पेवाचं तोंड उकरलं. पेवात एकदम उतरत नाहीत. आत हवा कोंडलेली असते, माणूस जागीच आडवा होतो. म्हणून आधी दोरीला दिवा बांधून सोडतात. दिवा विझला तर थांबायचं. सगळी वाकून पाहत होती. चाचांनी दिवा सोडला. तो विझला नाही. आणि टेकलाही नाही. खाली, आणखी खाली, निवांत जळत गेला. कडब्याचं जुनं अस्तर दिसलं, मग तळाची पांढरी माती दिसली, आणि तिथं तो जाऊन उभा राहिला.

चाचीनं हळू विचारलं, "तुले सासूनं काय सांगतलं होतं, बेटा?"

"वाढलं म्हणे."

"हाय रे अल्ला," ती म्हणाली. "पोरी, घरात जवारी सरली असं बाईमानूस म्हनते का कधी? बांगडी वाढवते, दिवा वाढवते, तशी जवारी वाढते."

बांगडी फुटली की ती वाढली म्हणायचं, हे मला काय माहीत नव्हतं? पण ज्वारीला कोणी तसं म्हणतं, हे खामगावच्या डबा वाजवणाऱ्या घरात कसं कळणार? मी तिथंच मातीत बसले. सात घरांना शब्द दिला होता आणि ज्वारी होती फक्त ओसरीत, जिला हात लावायचा नव्हता. ती दिली तर आमच्या घराच्या पुढच्या कितीतरी वर्षांच्या भाकरीचं काय? नाही दिली तर या आळीत मी तोंड कुठं दाखवू? मला माहेरी पाठवून देतील अशीही भीती वाटली आणि मी खूप रडले.

आत्याबाई तीन दिवसांनी परतल्या. मी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. त्या ऐकत होत्या, पायावर पाणी घेत होत्या. मग म्हणाल्या, "जीभ हाय का कापसाची गाडी? जिकडे उतार तिकडे पयते." मी मान खाली घातली. त्या ओसरीत जाऊन पेवाच्या जागेवर बसल्या.

"शब्द गेला ना घराबाहेर?" त्या म्हणाल्या. "मंग जवारीले जा लागते त्याच्या मांगं."

ओसरी उकरली. दिवा सोडला तो वीतभर खाली गेला आणि पट्कन विझला. मी दचकले. आत्याबाई मात्र खूष झाल्या; हवा कोंडलेली, म्हणजे तोंड घट्ट राहिलं आणि ज्वारी शाबूत. पूर्ण दिवस तोंड उघडं ठेवलं, सुपानं वारा घातला, दुसऱ्या दिवशी दिवा जळत राहिला तेव्हा चाचांनी वरची ज्वारी काढली. कडेची काळपट, आंबूस वासाची. आणि मधली? मधली मोत्यासारखी. मी ओंजळ भरून घेतली, ती कोमट लागली. तीन वर्षं ती तिथं अंधारात होती. म्हणजे मी या घरात येणार हे कोणाला ठाऊकही नव्हतं, तेव्हा या बाईनं माझी भाकरी जमिनीत ठेवून दिली होती. ज्या घराला मी हसले त्या घरापुढं मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. आजही वाटतं.

त्या दिवसापासून वर्षभर आत्याबाई ओसरीत बसून स्वतः पायली भरून देत. आठ घरं, आमचं धरून. आमच्या घरची भाकरी सगळ्यांच्या भाकरीएवढीच पातळ झाली. अंबाडीचा पाला, सांडगे, रांजणातलं मीठ, सगळं कामी आलं, आणि मी एकदाही हसले नाही.

पुढच्या सालची नवी कणसं खळ्यावर आली त्याच दिवसांत पेवाची शेवटची पायली निघाली. चाची पदर पसरून उभी होती. आत्याबाईंनी ज्वारी तिच्या पदरात ओतली, दोरीला दिवा बांधला आणि दोरी माझ्या हातात दिली. दिवा तळाशी जाऊन शांत जळत राहिला.

"आता तू म्हन," आत्याबाई म्हणाल्या.

मी हळूच म्हटलं, "ओसरीतलं पेव वाढलं, आत्याबाई."

"ऐकू नाई आलं," त्या म्हणाल्या. "भरून हाय म्हनून सांगतलं तवा कशी सात घरांले ऐकू गेलं होतं? तशी म्हन."