ताईच्या नावाची उत्तरं

ऑफिसात तिला सगळे उत्तरवाली म्हणायचे. व्हिडिओत ताई बोलायची, वस्तूंची जाहिरात करायची, आणि खाली लोक जे लिहितील त्याला ताईच्या नावानं उत्तरं द्यायची ती हिनं. एरवी उत्तरवाली दिवसभरात चार शब्द बोलली तरी डोक्यावरून पाणी. पण लिहायला बसली की बोटांत माया उतरायची. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची सून बाळंत व्हायचीय, सगळं तिच्या ध्यानात असायचं.

शेक घ्यायच्या उशा हातोहात खपल्या, तेव्हा कंपनीचा माणूस भेटायला आला.

"बाकीच्यांना बघणारे तुमच्याहून कितीतरी जास्त. पण माल खपतो तो तुमच्याकडून. असं करता तरी काय?"

ताई हसली. "जाहिरातीचं कोण ऐकतंय हो? लोक आपल्या माणसाचं ऐकतात. आम्ही त्यांची विचारपूस करतो."

बाजूच्या टेबलावर उत्तरवाली मान खाली घालून टाइप करत होती.

नेमानं लिहिणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, घरी एकट्याच. एका दुपारी त्यांनी फोटो टाकला. कपाटात तीन उशा, खोकीसुद्धा न फोडलेली. खाली लिहिलं होतं, 'नवीन मागवली की तू हमखास बोलतेस गं, म्हणून आणखी एक घेतली.'

उत्तरवालीनं तो फोटो मोठा करून पाहिला. तिनं लिहून टाकलं, 'बाई, आता काही घेऊ नका. नुसतं लिहीत जा, मी बोलेन.'

ताईनं तिला आत बोलावलं, पण आवाज चढवला नाही.

"तुला वाईट वाटलं, ते कळतं मला. पण माझ्याच नावानं माझ्याच पोटावर पाय?"

"त्या बाईंना कुणी नाहीये, ताई."

"आपल्याकडे येणाऱ्या किती जणांना कुणी आहे?" ताई म्हणाली.

ते उत्तर पुसलं गेलं. उत्तरवालीला फोटोंचे रंग सुधारायच्या कामावर बसवलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि चपलाही न काढता स्वतःच्या नावानं बाईंना लिहिलं, 'इतके दिवस तुमच्याशी मीच बोलत होते.'

लगेच उत्तर आलं. 'आपण कोण? ताईच्या नावावर फसवणारे हल्ली फार झालेत. पुन्हा लिहू नका.'

ती काही सांगू गेली, तोवर बाईंनी तिला ब्लॉक केलं होतं.

तिच्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते. तीही मायेनं लिहिते. नवा व्हिडिओ आला की उत्तरवाली ऑफिसच्या संगणकावर आधी खाली बाईंची ओळ आहे ना ते बघते. असते. मग ती फोटोंकडे वळते.