'थोडा थकवा' लिहिलेली चिठ्ठी

परदेशातल्या त्या लाँड्रीच्या इस्त्रीखात्यात तिला सगळ्या जणी इंग्लिशबाई म्हणत. तिथल्या नर्सबाईंना इंग्रजीशिवाय काही कळत नसे, म्हणून दुखणं कुणाचंही असो, चिठ्ठी हिनेच लिहायची. मोठं दुखणं लिहिलं की तपासण्या आल्या, आणि तपासण्या आल्या की आठवडाभर बिनपगारी घरी बसायचं. मग इंग्लिशबाई प्रत्येकीचं दुखणं धुऊन, कडक इस्त्री मारून आत पाठवायची. 'लिटल टायर्ड', 'स्लाइट हेडेक'. तासभर बाकावर बसायला मिळे, कामही शाबूत राही. बायका खूश, आणि हिचा भाव वधारलेला!

त्या दिवशी सकाळी नऊला, त्याच खात्यात काम करणारी तिची थोरली जाऊ तिच्या टेबलाशी आली. "अगं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. डावा हातही जड झालाय. पण तू आपलं नेहमीचंच लिही हं."

"लिहिते, जाऊबाई. तुम्ही बसा घटकाभर."

चादरींचा ढीग समोर होता. हिने उभ्याउभ्या 'लिटल टायर्ड' खरडलं. नर्सबाईंनी ते वाचून जाऊबाईंना पाणी दिलं आणि बाकावर बसवलं.

अकराच्या सुमारास जाऊबाई बाकावरून खाली कोसळल्या.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत इंग्लिशबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?" त्यावरच औषध ठरणार होतं. सोबत आलेल्या नर्सबाई शेजारीच उभ्या होत्या. 'आत्ताच' म्हटलं की आपण सुटलो. शब्द अगदी जिभेवर आला, आणि ती मुळापासून हादरली. घरचं माणूस आत मरणाच्या दारात आहे आणि आपण अजून सोयीचा शब्द शोधतोय!

"नाइन ओ'क्लॉक," ती कशीबशी म्हणाली. "चेस्ट पेन. लेफ्ट आर्म. शी टोल्ड मी. आय डिड नॉट राइट."

डॉक्टर आत धावले.

तासाभराने ते बाहेर आले. खरी वेळ कळली म्हणून थोडक्यात निभावलं, असं त्यांनी सांगितलं. इंग्लिशबाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

नर्सबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्या तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "आज बाकावर आणखी तिघी बसल्यात. त्यांच्याही चिठ्ठ्या तूच लिहिल्यास ना?"