अमावस्येला मासे धरणारा नवरा

आमचा जयदीप पुण्याचा, पक्का शाकाहारी. मी अलिबागची. कॅनडात, ओकव्हिलच्या घरात मी बांगडे तळायला घेतले की हा माणूस ऐन थंडीत सगळ्या खिडक्या उघडायचा आणि बेसमेंटमध्ये जाऊन बसायचा. त्याच माणसाने २००९ च्या उन्हाळ्यात मला सांगितलं, की तो रात्री मासे पकडायला जातो. आता बायकोने यातून काय समजायचं?

फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली होती. कंपनीने अख्खा मजलाच रिकामा केला, त्यात हाही गेला. सुरुवातीला तो रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बेसमेंटमध्ये नोकऱ्यांना अप्लाय करत बसायचा. मग दाढी थांबली, मग बोलणंही. मुळात हा चेष्टेखोर माणूस. भारतातून कुणी नवीन आलं की त्याला विंटर टायर्स घ्यायला न्यायचं, कुणाची पाठ धरली की त्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून द्यायचा, ही सगळी कामं न सांगता त्याची. तोच आता फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जायचा. आमची ईशानी तेव्हा लहान होती. एकदा तिने मला विचारलं, "इज बाबा मॅड ॲट अस?" मी तिला गप्प केलं.

जूनपासून हा रात्रीचा जायला लागला. फर्गस गावाजवळ, ग्रँड नदीवर, गाडीने तासाभराची वाट. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, रॉड, आणि गळाला पिसं बांधून केलेल्या खोट्या किड्या-माश्यांची एक डबी. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की ब्राउन ट्राउट हा मासा भारी भित्रा असतो. मोठे मासे दिवसभर दडून बसतात आणि काळोख पडला की खायला बाहेर येतात. काळोख जितका दाट तितकं बरं, म्हणून अमावस्येच्या आसपास जायचं. आणि धरलेला मासा? तो सोडून द्यायचा. तिथला नियमच तसा आहे म्हणे.

मी मासे खाणाऱ्या घरातली. आमच्याकडे एखादी सुरमई हातची गेली तर माणसं आठवडाभर हळहळतात. धरलेला मासा कुणी आपल्या हाताने सोडतं, यावर माझा विश्वास बसेना. पहाटे तो घरी यायचा तो गारठलेला आणि रिकाम्या हाताने. दुसरी बाई म्हणावी तर अंगाला चिखलाचा वास. आईला फोनवर सांगितलं तर तिने लिंबू उतरवून टाकायला सांगितलं. मी चिडून फोन ठेवला. पण खरी भीती मी आईलाही सांगितली नव्हती. नोकरी गेलेला, पोहता न येणारा माणूस काळोखात एकटा पाण्यात उतरतो आणि घरी काहीच आणत नाही. मला वाटायचं, एक दिवस हा स्वतःही येणार नाही.

ऑगस्टच्या अमावस्येला तो न जेवता निघाला. निघताना त्याने ईशानीच्या डोक्यावरून हात फिरवला. एरवी तो असलं काही करत नाही. ईशानीला शेजारच्या माधवीकडे झोपवलं आणि मी माझी गाडी काढली. वाटभर मी त्याला शिव्या घालत होते, म्हणजे रडू येऊ नये म्हणून.

पुलाच्या अलीकडे त्याची गाडी उभी होती. फोन आत सीटवरच. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. तो दचकेल म्हणून हातातला टॉर्च न लावताच गवतातून चाचपडत काठापर्यंत उतरले, आणि डोळे सरावल्यावर मधोमध कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस दिसला. जराही हलत नव्हता. त्याच्या हातात काही आहे की नाही, तेही कळेना. मी हाक मारली, पण पाण्याच्या आवाजात ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. मग मी बुटांसकट आत शिरले. पाणी इतकं गार की श्वास अडकला. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला, कशीबशी सावरले आणि टॉर्च पेटवून त्याच्यावर धरला.

"टॉर्च बंद कर, अनुया," तो म्हणाला. अगदी हळू. "मासा वर येतोय."

त्याच्या हातात रॉड होता. तो बघून मला जे रडू फुटलं ते थांबेना. तो पाण्यातून आला, माझा दंड धरून त्याने मला काठावर आणलं आणि स्वतःचं जाकीट माझ्या अंगावर टाकलं. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकत राहिला.

"मला वाटलं, तू जीव द्यायला आलास," मी शेवटी म्हटलं.

आता तो हसेल, वेडी आहेस म्हणेल, असं मला वाटलं. मी त्याचीच वाट बघत होते. तो रॉडची दोरी गुंडाळत राहिला.

"मे महिन्यात आलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा रॉड नव्हता."

मी त्याची बाही धरली.

"इथे एक म्हातारा मासे धरत होता. मी पाण्यात उतरलो तर म्हणाला, 'यू आर स्केअरिंग माय फिश.' मग म्हणाला, आलाच आहेस तर जाळं धर. धरलं. त्यात मासा घेतला. तो म्हणाला, आता त्याला पाण्यातच हळू धरून ठेव, दमलाय तो, जोर आला की आपण होऊन जाईल. बराच वेळ धरला मी. मग गेला." जयदीपने गळ सोडवून डबीत ठेवला. "मग मीही घरी आलो."

मी हात पुढे करून त्याच्या गाडीची किल्ली मागितली. त्याने मुकाट्याने दिली. माझी गाडी त्या रात्री पुलाजवळच राहिली. त्याची मी चालवली. तो शेजारी बसला होता, आणि मी सारखी मान वळवून बघत होते, आहे ना.

त्याला नोकरी लागूनही आता दोन वर्षं झाली. मी अजून बघते.