वर गेलेला हात

नाचाच्या वर्गात नाव घालायला जोडीदार लागतो, हे मला जर्मनीत कळलं. आमच्या भंडारा जिल्ह्यात नाचायला नुसती वरात लागते.

मी तिकडे एका वृद्धाश्रमात नर्स आहे. मोहाडी तालुक्यात आंधळगावच्या बाजूला आमचं गाव. तिथून नागपूर, मग भाषेची परीक्षा, मग जर्मनी. पगारासाठी आले, असं मी लोकांना सांगते आणि ते खोटं नाही. पण नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, तेव्हा येणारी-जाणारी प्रत्येक बाई आईला विचारायची, "पोरगी कधी जाते वो परत?" आणि आई प्रत्येकीला सांगायची, "जाईल ना, जाईल." मला त्या उत्तरापासून लांब जायचं होतं. नवरा मारायचा. रोज नाही. तेवढ्यावर लोक त्याची बाजू घ्यायचे, की रोज थोडीच मारतो.

नाचाचं खूळ आश्रमातल्या एका म्हातारीमुळे डोक्यात शिरलं. तिचे पाय गेले होते, पण रेडिओवर जुनं स्विंग, म्हणजे तिच्या तरुणपणीचं नाचाचं संगीत, लागलं की पांघरुणावर तिची बोटं ताल धरायची. हे शिकवतात का कुठे, असं मी सोबतच्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, शहरात ढीगभर वर्ग आहेत. ढीगभर होते खरे. पहिल्या ठिकाणी जोडीने या म्हणाले. माझी जोडी भंडारा जिल्ह्यात सोडून आले होते, आणि ती आणायचा विचार नव्हता. दुसरा वर्ग 'नवशिक्यांसाठी' होता. तिथले नवशिके असे भिंगरीसारखे फिरत होते, की मी पाण्याची बाटली भरायलाच आल्यासारखं केलं आणि बाटली भरून बाहेर पडले. तिसरा वर्ग रविवारी दुपारी, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या माळ्यावर. एकटं आलात तरी चालेल, असं लिहिलं होतं.

मी सवयीने दाराशी चपला-बूट शोधले. कोणीच काढलेले नव्हते, तरी मी काढले. लाकडी जमिनीवर पायमोजे असे घसरत होते, की पहिली दहा मिनिटं मी शिक्षिकेचा दंड धरूनच शिकले. गोष्ट साधी होती. एकाने न्यायचं, दुसऱ्याने त्याच्या हाताच्या इशाऱ्याने जायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने जोडी बदलायची. आमच्या गावात बाईने परक्या माणसाच्या हातात हात दिला तर दोन घरांची भांडणं होतात. इथे तो माणूस "आभारी आहे" म्हणून पुढच्या बाईकडे जातो. मला ते फार आवडलं.

माझा पहिला जोडीदार निवृत्त पोस्टमन होता, उंच आणि मवाळ. पावलं मला पटकन जमली. मग वळण आलं. त्यात नेणारा तुमचा हात धरून वर उचलतो आणि तुम्ही त्या हाताखालून फिरून जाता. पोस्टमनचा हात वर गेला आणि मी आक्रसले. खांदा वर, तोंड दुसरीकडे, मोकळा हात कानावर. तो घाबरला. माझं काही दुखावलं का, म्हणून माफी मागू लागला. पुढच्या माणसाशी तेच झालं, त्याच्या पुढच्याशीही. शेवटी मी सगळ्यांना सांगितलं की माझा खांदा दुखतो. हे वाक्य मला जर्मनमध्ये छान येत होतं. आश्रमात रोज ऐकायची.

शिक्षिकेने खांद्याबद्दल काही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही आधीच ओळखायला जाता. ओळखू नका. थांबा."

मला भयंकर राग आला. ओळखणं ही माझी एकुलती एक विद्या होती. अंगणात मोटरसायकलचं स्टँड कसं लागलं, यावरून आज ताट वाढायचं, पाणी द्यायचं की मागच्या दाराने शेजारी जायचं, हे मला कळायचं. त्या विद्येवर मी त्या घरातले दिवस काढले होते. आणि ही बाई म्हणते, ओळखू नका! परत यायचं नाही असं ठरवून मी घरी गेले आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. राग आला की मी कामाला लागते, माझा स्वभावच तसा आहे.

मग हिवाळाभर तेच. पोस्टमन हात सावकाश वर न्यायचा आणि मी फक्त त्या हाताकडे बघायचं. फिरायचं नाही, नुसतं बघायचं. त्याला कारण कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. बाकीचे उड्या मारण्यापर्यंत पोचले, आम्ही दोघं एका कोपऱ्यात हात वर, हात खाली. बर्फ वितळायला लागल्यावर एका रविवारी हात वर गेला, मी खालून गेले, पलीकडे निघाले आणि चार पावलं नाचूनही झाली. मग माझ्या लक्षात आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला फार आनंद झाला होता.

यंदा धान कापणीला आलं असताना मी सुट्टीवर गावी आले. दुसऱ्याच दिवशी आईने सांगितलं, की उद्या बैठक आहे. मामाजी माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला घेऊन येणार. नवऱ्याने दारू सोडली आहे, तो सुधारला आहे. मामाजी म्हणजे आईचे थोरले भाऊ, आमच्या घराण्याचं हायकोर्ट. त्यांच्या निकालावर अपील नसतं.

"तू काहून हो म्हटलंस?" मी आईला विचारलं.

"एकटी किती दिवस राहशील, बाई? म्हातारपनी कोन पाहनार तुले?"

"म्हाताऱ्यांले कोण पाहते ते मले माहीत आहे. नर्स पाहते. मीच पाहतो ना!"

आईने तरीही बैठक मोडली नाही. मी जर्मनीत एकटी घर चालवते, मेलेल्या माणसाचे डोळे मिटते. पण मामाजींसमोर आजवर आमच्याकडे कोणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. उद्या आई त्यांच्या बाजूला बसली, तर चहा येईपर्यंत मी मान डोलावलेली असेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला भीती वाटत होती.

दुपारी आई ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसली होती. आमचा अबोला सकाळपासूनचा. तो तिलाच सहन होत नाही.

"तिकडं तू नाचून राहिली म्हने. कोनासंग?"

"सगळ्यांसंग."

"बापा!" ती हसली. "दाखव बरं."

मी मोबाइलवर गाणं लावलं. आई पदराला हात पुसत उठली. मी तिचे दोन्ही हात धरले, मागे-पुढे पावलं दाखवली. तिने ती लगेच उचलली. "हे तं सोपं आहे वो," म्हणाली. आम्ही डाळीच्या सुपाभोवती नाचत होतो आणि आई लहान मुलीसारखी खिदळत होती. दाराशी शेजारीण येऊन उभी राहिली आणि डोक्याला हात लावून निघून गेली. मग मी आईला वळण द्यायला हात वर नेला.

आई आक्रसली. खांदा वर, तोंड दुसरीकडे, मोकळा हात कानावर.

माझे वडील गावात शांत माणूस म्हणून ओळखले जायचे. मी कॉलेजात असताना ते गेले. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या मयतीला आलेले लोक सांगत होते, असा देवमाणूस होणे नाही. मीही तेच समजून होते.

गाणं चालूच होतं. मी हात खाली आणला. आईने पदर सारखा केला, घाईने खाली बसली आणि सूप पुढे ओढलं.

"आई, बाबा?"

"तू झोपून राहत होतीस," ती म्हणाली.

मला तिची दया आली आणि तितकाच तिचा संतापही आला. सगळं अंगावर काढलेली बाई, आणि माझ्याबद्दल लोकांना सांगत होती, जाईल ना, जाईल. आईने बराच वेळ डाळीतले खडे काढले. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "ते गानं बंद कर. भाऊले फोन लाव."

मी लावला. आईने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"भाऊ, उद्या त्यायले आनू नोको... नाही, तब्येत ठीक आहे माही... नाही. पोरगी जात नाही."

मामाजींचा चढलेला आवाज मला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. जन्मभर मला आणि आईला तो आवाज पुरला होता. आई तो संपायची वाट बघत राहिली.

"मी नाही निघू शकली, भाऊ," ती म्हणाली. "हे पोरगी निघाली. राहू दे तिले."

मग तिने मोबाइल माझ्यापुढे धरून, तो बंद कसा करायचा ते विचारलं.