डोमिशियन आणि आमच्या पाळीवरचा दगड

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही माहीत नाही — आणि आताही लिहिताना माझं लक्ष दाराकडे आहे. कोण येणार आहे? कुणीच नाही. तरी भीती वाटते.

सडक अर्जुनीकडच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायचो. रोमचा बादशहा डोमिशियन हा माझा हातखंडा विषय. इमारती उभारल्या, कारभार चोख ठेवला, पण इतका संशयी की दरबारी त्याच्यासमोर चळचळा कापायचे. शेवटी राजवाड्यातच त्याचा खून झाला. मग सिनेटचा हुकूम निघाला — दगडादगडावरून याचं नाव खोडा. हे मी रंगवून सांगायचो. पोरं हसायची, मीही हसायचो.

आमच्या गावचा तलाव माझ्या पणजोबांनी बांधला, असं आम्ही सांगतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जो दगड आहे त्यावर त्यांचं नाव आहे. पण पाळ रचली कुणी? लहानूंनी — धम्मपालच्या आजोबांनी. धम्मपाल म्हणजे बौद्ध वस्तीतला माझा शाळासोबती. २००३च्या सुमारास त्यानं पणजोबांच्या नावाखाली लहानूंचं नाव कोरून घेतलं. मला विचारून. मी हो म्हटलं होतं — घरी मात्र हे सांगायची छाती झाली नाही.

नाव दिसलं तसे माझे काका भडकले. ते नाव राहिलं तर तू या घरात राहणार नाहीस, म्हणाले. आणि मी? बघा, इथवर आलो आणि पुन्हा अडखळतोय. दिवाळीनंतरच्या मंडईचा दिवस होता, सारा गाव त्या जत्रेत. भर दुपारी मी छिन्नी घेऊन पाळीवर गेलो आणि ते नाव — मी खोडलं. मीच.

संध्याकाळी धम्मपालचे वडील दारात आले. दगडावरून हात फिरवून आले असावेत, बोटं पांढरी झाली होती.

"गुरुजी, कोनं केलं असन जी?"

पोरं असतील, म्हणालो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आता ते नाहीत.

पुढच्या वर्षी वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, बादशाचं नाव तं आपल्याले मालूम आहे. छिन्नी मारनाऱ्याचं नाव काय होतं जी?"

हिला कळलं की काय? त्याची नोंद नाही, असं सांगून मी तास संपवला. त्यानंतर डोमिशियन मी कधीच शिकवला नाही.

धम्मपाल अजून माझ्याकडे चहाला येतो. तो समोर बसला की मी हात टेबलाखाली ठेवतो. त्याच्या आजोबांचं नाव लहानू होतं. ते मी खोडलं.