आरतीतली जाहिरात

इकडे उत्तरेत, हिंदी मुलखात, सीपरी बाजारातले आमचे शेजारी काका कुणाकडेही गेले की चहाआधी कम्प्युटर मागतात. त्यात जाहिराती अडवायची सोय बसवली की मगच कपाला हात लावतात. मध्यंतरी ब्राउझरवाल्या बड्या कंपनीने ती सोयच बंद पाडली. "घर आपलं आणि किल्ली त्यांच्याकडे, ये क्या बात हुई," म्हणत काकांनी ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत दुसरा ब्राउझर बसवला.

इथल्या आमच्या मुलांना मराठी कळतं, पण बोलता फारसं येत नाही. गणपतीची आरती ती व्हिडिओ लावूनच शिकली. यंदा काकांच्या कृपेने आरती सलग वाजली, पण दुसऱ्या कडव्यानंतर पोरं एकदम गप्प झाली. तिथे नेहमी सिमेंटची जाहिरात यायची.

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. "मशीन से तो निकाल दी," ते म्हणाले, "आता ह्यांच्यातून काढायची."

दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ बंद. आता काका स्वतःच झांज घेऊन आरती म्हणतात, बेसूर आणि खणखणीत. मध्येच थांबून खोकतात. पोरंही बरोबर तिथेच थांबतात, खोकतात आणि पुढचं कडवं उचलतात.